तक्रार लिहून देणाऱ्या सिस्टर

आमच्या सिस्टरकडे तक्रार घेऊन आलेला माणूस आत जायचा लालबुंद होऊन आणि बाहेर यायचा घामाघूम होऊन. कारण बाई ऐकून घेऊन गप्प बसत नसत. त्या तक्रार लिहून द्यायच्या. त्याचीच, त्याच्या वतीनं, आणि त्याच्यापेक्षा चांगली.

इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या एका छोट्या गावातलं म्हाताऱ्यांचं इस्पितळ. समोर वाळू, मागे वाळू, मध्ये आमचा वॉर्ड. त्यात रशियाहून, मोरोक्कोहून, अर्जेंटिनाहून आणि आपल्या कोकणातून आलेली म्हातारी माणसं. सिस्टर तिथल्या हेड नर्स. बॉम्बेत नर्सिंग शिकलेल्या, लग्नानंतर इकडे आलेल्या. छातीवर उलटं लटकवलेलं घड्याळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, डब्यात भात-आमटी. हिब्रू फाडफाड बोलायच्या, पण रागावल्या की थेट मराठीत उतरायच्या. "चल, नीघ इथून" हे आमच्या रशियन सफाईवाल्यालासुद्धा बरोबर कळायचं. तो बादली उचलून निघायचा.

मी पेणच्या मराठी शाळेत शिकले, नर्सिंग केलं, आणि नव्वदच्या पुढे कधीतरी आई-बाबांबरोबर इथे आले. नर्सिंगची परीक्षा परत द्यावी लागली, ती दिली. नोकरी लागली ती एक वर्षाच्या ट्रायलवर. आणि मला एक खोड होती, अजून आहे. माणूस बघितला की त्याची नक्कल करायची. चहाच्या खोलीत मी डॉक्टर करायचे, रशियन बाई करायचे, जेवणाची गाडी ढकलणारा माणूस तर गाडीसकट करायचे. नर्सा हसून हसून कप सांडायच्या.

सिस्टरना एक वाक्य अजिबात चालायचं नाही. इथे ज्याला त्याला ते बोलायची सवय आहे. नळ गळतोय, "यिहिये बसेदेर." गोळ्या संपल्या, "यिहिये बसेदेर." म्हणजे होईल हो सगळं ठीक. कोणी असं म्हटलं की सिस्टर चष्मा नाकावर सरकवून विचारायच्या, "कोण करणार ठीक? किती वाजता?" मोठे डॉक्टर एकदा असं बोलून गेले. "किती वाजता, डॉक्टरसाहेब?" त्यांनी घड्याळ बघितलं आणि खरंच वेळ सांगितली. चार वाजता. आणि चार वाजता आले बिचारे, नळाच्या माणसाला घेऊन.

तर तक्रारीचं. इस्पितळात तक्रारीचा छापील फॉर्म असायचा, हिब्रूत. अर्ध्या नातेवाइकांना हिब्रू लिहिता यायचं नाही. दुसरी कोणी हेड नर्स असती तर खूश झाली असती. ह्या बाई ड्रॉवरमधून फॉर्म काढायच्या, पेनाचं टोपण दातात धरायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोला. पहिल्यापासून."

एकदा एक मोरोक्कन बाई आली. माझ्या आईची चादर बदलली नाही, सकाळपासून! सिस्टरनी विचारलं, "सकाळ म्हणजे सहा का अकरा?" बाई म्हणाली, अकरा. "चादर ओली होती का नुसती चुरगळलेली?" ओली. "मग ओली लिहू. चुरगळलेलीला कोण विचारतं." दोन पानं झाली. शेवटी त्यांचा ठरलेला प्रश्न आला, "आता तुम्हाला काय हवंय?" बाई गडबडली. एवढा वेळ कोणी तिला ते विचारलंच नव्हतं. मग हळूच म्हणाली, "सॉरी म्हणायला हवं कोणीतरी." सिस्टरनी त्या नर्सला बोलावून सॉरी म्हणायला लावलं. बाई खूश. म्हणाली, आता राहू दे तो कागद. "का? सही करा. चादर ओली होती ना?"

एक रशियन इंजिनियर आला, दुपारी एक ते तीन भेटायला बंदी का म्हणून. "ती बंदी माझीच," सिस्टर म्हणाल्या आणि स्वतःविरुद्ध लिहायला बसल्या. लिहून वाचून दाखवलं, हेड नर्स हट्टी आहे, कोणाचं ऐकत नाही. इंजिनियरलाच अवघडल्यासारखं झालं. "हट्टी नको," म्हणाला, "कडक लिहा." सिस्टरनी नकार दिला. "कडक म्हणजे तारीफ झाली. तक्रारीत तारीफ कशाला?"

आम्ही नर्सा चिडायचो. मी एकदा तोंडावर बोलले, "सिस्टर, तुम्ही आमच्या बाजूच्या का त्यांच्या?" त्या डब्यातली आमटी भातावर ओतत होत्या. "वाईट लिहिलेल्या तक्रारीनं काय होतं माहीत आहे? सगळ्या नर्सांवर संशय येतो. नीट लिहिली की एकीवरच येतो." मला हे फार आवडलं. मी लगेच चहाच्या खोलीत जाऊन सगळ्यांना सांगितलं. ती एक मीच असणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

आमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या बेडवर एक आजोबा होते. आपले, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, जवळच्याच नेतिवोत गावचे. बॉम्बेत गिरणीत होते, इथे कारखान्यात गेली हयात. झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती. बोलणं म्हणजे एकच शब्द, "हां." पण त्या एका हांमध्ये सगळं असायचं. पाणी हवं तो हां वेगळा, लाइट बंद कर तो वेगळा, आणि सूनबाई आली की तो एक आणखीनच वेगळा.

मी त्यांची नक्कल करायचे. हो, करायचे. घास डाव्या गालात धरून ठेवायचा, डोळे मिटायचे, मान पुढे, गटकन गिळायचं, आणि मग तो हां. गुळण्या करताना बोलावं तसा, पाण्यातून आल्यासारखा. चहाच्या खोलीत ह्या हांला सगळ्यात जास्त हशा पडायचा. दहा-बारा दिवस चालला होता हा कार्यक्रम.

तेवढ्यात त्यांच्या घरच्यांनी नवस फेडायचं ठरवलं. पपा वाचले म्हणून मलिदा. आता मराठी वाचणाऱ्या सगळ्यांनाच माहीत नसेल म्हणून सांगते. मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, त्यात ओला नारळ, वेलची, सुका मेवा, भोवती फळं, वर गुलाब आणि सब्ज्याची पानं. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावानं ताट मांडायचं, गाणी म्हणायची, एकेका गोष्टीवर बराखा, म्हणजे आशीर्वाद, म्हणायची आणि मगच तोंडात घालायचं. आमच्या लोकांत ह्याच्यावर काही नाही.

दुपारी चारला बाराजण आले. मोठा मुलगा, जो बस चालवायचा, डोक्यावर टोपी, हातात हे एवढं ताट. त्याची बायको, नातू आर्मीच्या कपड्यात. सिस्टर मीटिंगसाठी बेरशेबाला गेलेल्या. वॉर्ड माझ्या ताब्यात. फाइलमध्ये लिहिलेलं, मऊ जेवण चालेल. मी म्हटलं, करा. मीपण ओढणी घेतली डोक्यावर, गायलेसुद्धा. बराखा झाली. मुलानं चमचाभर पोहे उचलले आणि पपांच्या तोंडाकडे नेले.

आणि मला एकदम तो हां आठवला. पाण्यातला. माझ्याच तोंडातला. जी गोष्ट मी दहा दिवस हसवायला करत होते ती काय होती ते मला तेव्हा कळलं. ह्या माणसाचा घास पोटात जात नाहीये, श्वासाच्या वाटेनं जातोय. आणि ठसकासुद्धा लागत नाहीये त्याला.

"थांबा!" मी ओरडले.

चमचा काढून घेतला असता तर निभलं असतं. पण घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. मी ताट उचललं. अख्खं ताट. गाऊन झालेलं, बराखा झालेलं, एकानंही चाखलेलं नाही असं मलिद्याचं ताट, आणि ते घेऊन तडक किचनमध्ये गेले. मागे बाराजण हात पसरून उभे.

मी परत आले तशी सगळ्यांच्या आधी सूनबाई बोलली. माझ्याशी नाही, भिंतीशी. आपली माणसं भांडताना आधी भिंतीशी बोलतात. "काही लोक इथे येऊन मोठे झाले. काही लोकांना देवाचं ताट म्हणजे जेवणाचा ट्रे वाटतो."

"मामी, त्यांना गिळता येत नाहीये," मी म्हटलं.

"कागदावर चालेल लिहिलंय!" मुलगा म्हणाला.

"कागद चुकलाय."

"कागद चुकला आणि तू बरोबर? रशियन नर्सनं उचललं असतं तर म्हटलं असतं, बिचारीला काय कळतंय. पण तू आपली ना गं!"

मी आजोबांचं डोकं उशीवर उंच केलं.

त्याच संध्याकाळी मी सिस्टरना सांगितलं आणि त्यांनी आजोबांचं तोंडानं खाणं थांबवलं. तीन दिवसांनी तो मुलगा, सूनबाई आणि नातू सिस्टरच्या ऑफिसात. मलाही बोलावलं. माझं ट्रायलचं वर्ष संपायला पंधरा दिवस राहिले होते. मग कमिटी बसणार होती, कायम करायचं का घरी पाठवायचं. माझ्या आधीच्या दोघी एकेका तक्रारीवर घरी गेल्या होत्या. घरी आई रोज विचारायची, "लागलं का गं पक्कं?" आणि मी म्हणायचे, "यिहिये बसेदेर."

नातवानं घरून तक्रार लिहून आणली होती. सिस्टरनी वाचली, पाच ओळी. नर्स उद्धट आहे, आमच्या धर्माचा अपमान झाला, कारवाई करावी. कागद खाली ठेवला. "हे कोणी लिहिलं? आर्मीत आहेस ना तू? ह्यानं मांजरपण घाबरणार नाही." नातू हिब्रूत काहीतरी पुटपुटला. "मराठीत बोल, नाहीतर नीट लिही," सिस्टर म्हणाल्या आणि नवा फॉर्म काढला.

"ताट उचललं ते बराखेच्या आधी का नंतर?"

"नंतर," मुलगा म्हणाला.

"नंतर. म्हणजे जास्त वाईट. कोणी चाखलं होतं?"

"एकानंही नाही."

"आणखी वाईट. ताट परत कोणी आणलं?"

"मीच गेलो किचनमध्ये. फ्रिजच्या वर ठेवलेलं. बाजूला साबणाचा डबा."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. "साबणाचा डबा," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "सॉरी म्हणाली?"

"नाही."

अर्धं पान भरलं. मी मनातल्या मनात सामान बांधायला लागले. मग सिस्टरनी पेन उचललं, थांबल्या, आणि म्हणाल्या, "आता मला माहीत असलेलं एक. ही मुलगी चहाच्या खोलीत तुमच्या पपांची नक्कल करते. मी स्वतः बघितलंय. लिहिते."

"सिस्टर!" माझ्या तोंडून निघालं.

"खोटं आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

मुलगा खुर्चीवरून उठला. "नक्कल? आजारी माणसाची?" त्याचा आवाज मोठा नव्हता, ते जास्त वाईट होतं. मग म्हणाला, "दाखव. करून दाखव इथे. आम्हीपण बघतो काय हसण्यासारखं आहे ते."

मी सिस्टरकडे बघितलं. त्यांनी टोपण परत दातात धरलं होतं. "कर. पूर्ण कर. अर्धी नको."

मी केली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी हसू नये म्हणून केली. घास डाव्या गालात. डोळे मिटले. वाट बघितली. मान पुढे, गिळलं. ठसका नाही, काही नाही. आणि मग तो हां, घशात पाणी असल्यासारखा. परत केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा श्वास भराभर घेतला, ते जेवणानंतर घ्यायचे तसा.

डोळे उघडले तर सूनबाई भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हा आवाज तर घरीपण आला होता. मागच्या शब्बातला, शनिवारी घरी नेलं होतं तेव्हा, मी नव्हते म्हणाले, पपा पाण्यातून बोलल्यासारखं करतात? तुम्ही म्हणालात कफ आहे."

मुलगा बसला.

सिस्टर मात्र माझ्याकडे वळल्या. "किती दिवसांपासून करतेस ही नक्कल?"

"दहा... बारा."

"म्हणजे बारा दिवस तुला दिसत होतं. फाइलमध्ये एक ओळ लिहिलीस?"

"नाही."

"चहाच्या खोलीत सगळ्यांना सांगितलंस, फाइलला नाही सांगितलंस." त्यांनी तेही लिहिलं, माझ्यासमोर, सावकाश. ताटापेक्षा, साबणाच्या डब्यापेक्षा ती ओळ मला लागली. कारण ती खरी होती आणि ती कोणी मागितलेली नव्हती.

मग आला तो प्रश्न. "भाऊ, आता तुम्हाला काय हवंय?"

मुलानं डोक्यावरची टोपी सारखी केली. मला वाटलं, काढून टाका म्हणेल. तो म्हणाला, "मलिदा अर्धवट राहिलाय, सिस्टर. पपांनी घेतल्याशिवाय नवस कसा फिटणार? आणि तुम्ही म्हणता गिळायचं नाही."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "मलिद्यात सब्जा असतो ना? गुलाब असतो. त्याची बराखा कशाची?"

"वासाची."

"मग वास कुठे गिळावा लागतो, भाऊ?"

दुसऱ्याच दिवशी आजोबांना बेरशेबाला नेऊन एक्स-रेखाली गिळायला लावलं. निम्मा घास छातीच्या वाटेनं. फाइलमधलं मऊ जेवण कापलं गेलं आणि जाड पेज सुरू झाली, तीही डोकं धरून, अर्ध्या अर्ध्या चमच्यानं. आणि पुढच्या आठवड्यात मलिदा परत मांडला. ह्या वेळी ताट नेतिवोतहून मी आणलं, ती माझी शिक्षा. बसमध्ये मांडीवर ताट, वर फडकं. शेजारचा म्हातारा दर स्टॉपला विचारायचा, "लग्न आहे का?"

सगळी गाणी झाली. मुलानं सब्ज्याची काडी आणि गुलाबाची पाकळी पपांच्या नाकाशी धरली आणि वासाची बराखा म्हटली. आजोबांनी एवढा मोठा श्वास घेतला. "हां," म्हणाले. कोरडा, स्वच्छ हां. असा मी कधी ऐकला नव्हता, त्यामुळे करतापण आला नसता. मग बाकी सगळ्यांनी ताट रिकामं केलं. सूनबाईनं पहिला चमचा माझ्या हातावर ठेवला आणि भिंतीला म्हणाली, "काही लोकांना अक्कल उशिरा येते. पण येते."

मला वाटलं सुटले. सिस्टरकडे गेले, "आता तो फॉर्म फाडताय ना?"

"का?"

"त्यांचा राग गेला की! नवस फिटला! सहीपण करणार नाहीत म्हणतात."

"सही काल घेतली." त्यांनी ड्रॉवर उघडून दाखवला. मुलाची सही, खाली सूनबाईची, मराठीत. "आणि ऐक. ताट, नक्कल, बारा दिवस, हे सगळं ह्या कागदात आहे. पण कागद चुकला होता आणि तू बरोबर होतीस, हेपण फक्त ह्याच कागदात आहे. मी दुसऱ्या पानावर लिहिलंय. पहिलं फाडलं तर दुसरं कशाला जोडू?"

दोन्ही पानं कमिटीला गेली.

कमिटीत मोठे डॉक्टर, ऑफिसची एक बाई आणि सिस्टर. डॉक्टरांनी दोन्ही पानं वाचली. "इथे लिहिलंय, निर्णय बरोबर, वागणं चूक, आणि निरीक्षण उत्तम पण नोंद शून्य. हे एकाच नर्सबद्दल आहे?"

"एकाच," सिस्टर म्हणाल्या.

"हिच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"मी. रोज सकाळी सात वाजता. बारा पेशंटची नोंद वाचून दाखवेल, मगच चहा."

डॉक्टरांनी सही केली. मी पक्की झाले. मग पेन खिशात घालताना ते हसले. "मी ऐकतो, तू सगळ्यांच्या नकला करतेस. माझीपण करतेस म्हणे. हेड नर्सची करतेस का?"

सिस्टर शेजारच्या खुर्चीत, घड्याळाला चावी देत. मी म्हटलं, "नाही, डॉक्टर. त्यांची नाही जमत."

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर सिस्टर माझ्यापुढे चालत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "आत खोटं बोललीस. परवा चहाच्या खोलीत दातात टोपण धरून कोण फिरत होतं? मी दाराबाहेर उभी होते."

मी मेलेच. "मग... लिहा माझ्यावर तक्रार."

"लिहिलीय की. दोन पानं." त्या पुढच्या बेडपाशी थांबल्या, चादर चाचपून बघितली आणि पुढे निघाल्या. "पण शेवटच्या प्रश्नाला अडकलेय. मला काय हवंय तेच सुचत नाही."